केपचा द्राक्षमार्ग

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागांत, टेबल पर्वताच्या पायथ्याशीं केप टाउन हें बंदर वसलेलें आहे. येथून मोटारीनें निघालेला प्रवासी कॉन्स्टान्शिया, स्टेलेनबॉश व फ्रान्सहूक हीं स्थळें पाहून सायंकाळपर्यंत पार्ल गांवीं सहज पोंचतो. वाटेंत दोहों अंगांस द्राक्षांचे मळे, पांढऱ्या भिंतींचीं जुनीं डच घरें आणि त्यांच्या पाठीशीं निळसर डोंगर दिसत राहतात. हें दृश्य इतकें प्रसन्न आहे कीं, तें कोणाच्या श्रमांतून उभें राहिलें हा प्रश्न सहसा मनांत येत नाहीं. या वाटेचा इतिहास मात्र तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारीत असतो.

६ एप्रिल १६५२ रोजीं यान व्हान रीबेक हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी येथें येऊन पोंचला. पूर्वेकडे जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना ताजी भाजी, मांस व पाणी पुरविणें, एवढेंच त्याच्याकडे सोंपविलेलें काम होतें. १६५५ सालीं त्यानें द्राक्षाचे वेल लावविले. आणि २ फेब्रुवारी १६५९ रोजीं केपच्या द्राक्षांचें पहिलें मद्य निघाल्याची नोंद त्याच्या रोजनिशींत झाली. त्याच वर्षीं, ज्यांचीं कुरणें हिरावलीं गेलीं होतीं त्या खोईखोई पशुपालकांनीं शस्त्र उचललें. पुढें त्यांना व त्यांच्या गुरांना दूर ठेवण्यासाठीं व्हान रीबेकनें रानबदामाचें कुंपण लावविलें. त्याचा कांहीं भाग कर्स्टनबॉशच्या उद्यानांत अद्याप जिवंत असून, कॉन्स्टान्शियाकडे जाणारा एक रस्ता त्या उद्यानावरूनच जातो.

मळे वाढले तसे राबणारे हात कमी पडूं लागले. खोईखोईंना गुलाम करण्यास कंपनीची मनाई होती; म्हणून गुलाम समुद्रापलीकडून आणले गेले. मादागास्कर, मोझांबिक, पूर्वेकडील बेटें, तसेंच हिंदुस्थानांतील बंगाल, मलबार व कोरोमांडल येथून माणसें विकत येऊं लागलीं. त्यांपैकीं बहुतेकांचीं मूळ नांवें लोपलीं. 'बंगालचा', 'मलबारचा' एवढीच ओळख दप्तरांत उरली. 'बंगालची अँजेला' ही १६६६ सालीं मुक्त झाली व १६६९ सालीं एका युरोपियनाची धर्मपत्नी बनली. परंतु असें भाग्य फार थोड्यांच्या वांट्यास आलें. कंपनीच्या गुलामांना कोंडून ठेवण्यासाठीं १६७९ सालीं उभारलेली इमारत आज त्याच नगरांत संग्रहालय म्हणून उभी आहे.

स्टेलेनबॉश गांव सायमन व्हान डर स्टेल या अधिपतीनें १६७९ सालीं वसविलें, आणि कॉन्स्टान्शियाची जमीन त्याला १६८५ सालीं मिळाली. याची मातामही 'गोव्याच्या किनाऱ्यावरील मोनिका' या नांवानें ओळखली जाणारी, दास्यांतून सुटलेली हिंदी स्त्री होती. तरीही त्याच्या मळ्यांत गुलामच राबले. १६८८ सालीं फ्रान्समधील धर्मच्छळास कंटाळून ह्यूगनो पंथाचे निर्वासित येथें आले. फ्रान्सहूक, म्हणजे 'फ्रेंचांचा कोपरा', हें नांव त्यांच्यावरून पडलें. स्वतःच्या स्वातंत्र्यासाठीं देश सोडणाऱ्या या लोकांनींही लवकरच गुलाम विकत घेतले. पुढें कॉन्स्टान्शियाचें गोड मद्य युरोपच्या राजदरबारांत गाजलें. सेंट हेलेना बेटावर बंदिवासांत असतां नेपोलियनही तें पीत असे.

१ डिसेंबर १८३४ रोजीं ब्रिटिश कायद्यानें गुलामगिरी बंद झाली. परंतु 'उमेदवारी'च्या नांवाखालीं आणखी चार वर्षें त्यांना जुन्याच धन्यांकडे राबावें लागलें. खरी सुटका १ डिसेंबर १८३८ रोजीं झाली. नुकसानभरपाई मिळाली ती धन्यांना. ज्यांचे जन्म मळ्यांत गेले त्यांना नाहीं. मुक्त झालेल्या कुटुंबांसाठीं १८४३ सालीं वसविलेलें प्नीएल हें गांव स्टेलेनबॉश व फ्रान्सहूक यांच्या दरम्यान अजून नांदतें आहे. मात्र मजुरीचा भाग म्हणून दिवसांतून अनेक वेळां मद्य पाजण्याची 'डॉप' पद्धति कायद्यानें मना झाल्यावरही कोठें कोठें विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालूच राहिली. तिनें मजुरांच्या कित्येक पिढ्यांना व्यसनाच्या व कर्जाच्या खाईंत लोटलें.

फ्रान्सहूकहून पार्लकडे जातां वाटेंत एका तुरुंगाचें प्रवेशद्वार लागतें. ११ फेब्रुवारी १९९० रोजीं, सत्तावीस वर्षांच्या बंदिवासानंतर, नेल्सन मंडेला याच दारांतून पायीं बाहेर आले. त्यांतील अठरा वर्षें त्यांनीं ज्या रॉबेन बेटावर काढलीं, तें केप टाउनच्या किनाऱ्यावरून दिसतें. प्रवासाच्या आरंभीं समुद्रांत दिसलेल्या बेटाचा अर्थ अशा रीतीनें मळ्यांच्या मधोमध, या दाराशीं उलगडतो. सायंकाळीं मळ्यांवर ऊन उतरतें, तेव्हां द्राक्षाच्या ओळी पूर्वीइतक्याच सुंदर दिसतात. परंतु बंगाल, मलबार व गोव्याच्या किनाऱ्यावरून आलेल्या त्या माणसांची आठवण ठेवून जो त्या पाहतो, त्यालाच ही भूमि खऱ्या अर्थानें दिसली असें म्हणावें लागेल.