२५ ऑक्टोबर : बंदिवान ड्यूकची कविता
१४१५ साली आजच्याच दिवशी आझँकूरच्या चिखलात इंग्रजांनी फ्रेंच सैन्याचा धुव्वा उडवला. प्रेतांच्या ढिगाखालून एका चिलखतधारी तरुणाला जिवंत बाहेर ओढले गेले. तो होता व्हाल्वा राजघराण्यातला, ऑर्लेआँचा ड्यूक शार्ल. वय अवघे २०. फ्रान्सच्या गादीच्या इतक्या जवळचा माणूस सोडणे इंग्रजांना धोक्याचे वाटे, त्यामुळे ऐन उमेदीची २५ वर्षे कैदेत गेली. तिथेच त्याची कविता बहरली. १४४० मध्ये सुटल्यावर ब्लुआच्या वाड्यात त्याने कवींचा मेळा जमवला. फ्राँस्वा व्हीयोंसारखा फटिंगही तिथे येऊन गेला. शार्लची स्वतःची, काही पाने त्याच्याच हातची असलेली कवितांची वही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही जपलेली आहे. आझँकूरच्या जयापजयापेक्षा ही वही मोलाची. शार्लला मुलगा झाला तो ६७व्या वर्षी. तोच १४९८ मध्ये बारावा लुई म्हणून गादीवर बसला.