एका गोळीचे नाव लागलेला हृदयातील उंचवटा

अवयवांना कधीकधी त्यांच्या शोधकांची नावे मिळतात. हृदयातील एका उंचवट्याला मात्र गोळीचे नाव मिळाले, तेही डॉक्टरांच्या चुकीमुळे. आजचा थ्रेड त्याविषयी.

आरंभ रोममध्ये. कानातील युस्टेशियन नलिका ज्यांच्या नावे ओळखली जाते, त्या बार्तोलोमेओ एउस्ताकी यांनी १६व्या शतकात हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, एक पातळ पडदा नोंदवला. आईकडून आलेले प्राणवायुयुक्त रक्त तो गर्भाच्या हृदयात डावीकडे वळवतो. जन्मानंतर त्याचे काम संपते. बहुतेकांत तो आक्रसतो, काहींत ठळक राहतो. (एउस्ताकींची शरीरचित्रे १५५२ मध्ये कोरून तयार होती, छापली गेली १७१४ मध्ये. दप्तरात पडून राहिलेल्या कागदांचे दुःख आपण जाणतोच!) पुढे १८९७ मध्ये हान्स कियारी यांनी तेथीलच तंतूंचे जाळे वर्णिले. तोही गर्भावस्थेचाच अवशेष. शंभरातील सुमारे दोघांत आढळणारा.

हे ज्ञान शवविच्छेदनाचे होते. १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी धातूतील दोष शोधणाऱ्या ध्वनिलहरींच्या यंत्राने जिवंत हृदय तपासले. पुढे प्रतिमा स्पष्ट होत गेल्या आणि संशयही वाढले. पडद्यावर हलणारे ते जाळे गाठ, रक्ताची गुठळी की जंतुसंसर्गाचा पुंजका?

सर्वांत बोलका घोटाळा डाव्या अलिंदातला. अलिंदाला जोडलेली एक छोटी पिशवी आणि फुप्फुसाकडून येणारी शीर यांच्यामध्ये एक घडी असते. तिचे टोक कधी गोलसर, फुगीर दिसते. शेजारच्या पिशवीत गुठळ्या खरोखरच होतात, त्यामुळे ही चूक मला तरी अक्षम्य वाटत नाही. घडीलाच गुठळी समजून रुग्णांना ‘कुमाडिन’ सुरू केले गेले.

कुमाडिन म्हणजे वॉरफरिन. झडपांच्या आजारात आपल्याकडेही दिली जाणारी ‘रक्त पातळ करण्याची गोळी’. तिचे मूळ उत्तर अमेरिकेत: सडका चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत, त्याचे कारण शोधताना विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधन या रसायनापर्यंत पोहोचले. १९४८ मध्ये ते उंदीरनाशक म्हणून आले, १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले. प्रमाण चुकले तर मेंदूतही रक्तस्राव होतो. निरोगी घडीसाठी ही जोखीम पत्करली गेली!

गुठळी ‘विरघळत’ नव्हती, कारण ती गुठळी नव्हतीच. डॉक्टरांनी त्या घडीचे नावच ‘कुमाडिन रिज’ ठेवले. आज तपासणारा निरनिराळ्या कोनांतून पाहतो, घडी भिंतीशी सलग आहे ना याची खात्री करतो, आणि अहवालात ते नाव लिहून पुढे ‘नॉर्मल’ नोंदवतो.