फर्द, रुमाल आणि सहा कड्या

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत धारवाडच्या सुभाष रोडवरून मी एक वस्तू विकत आणली. काळ्या रेक्झिनचे पुठ्ठे, आत पोलादी कणा, त्यावर उघडमीट होणाऱ्या सहा कड्या आणि त्या कड्यांत अडकवलेली, भोके पाडलेली सुटी पाने. दिवसाची कामे, भेटीगाठी, शाळेचे हिशेब, सारे आता यातच लिहायचे, मोबाइलमध्ये नाही, असा मी निश्चय केला होता. त्याला कारणही घडले होते. आदल्या वर्षी माझा फोन पाण्यात पडला आणि त्यासोबत चार महिन्यांची टिपणे गेली. शिक्षकांच्या खोलीत थोडा हशा झाला. "सर उलटे चालले," असे एका तरुण सहकाऱ्याने म्हटल्याचेही कानावर आले. आमचे सेवानिवृत्त हेडक्लार्क त्या दिवशी सहज शाळेत आले होते. त्यांनी ती वस्तू हातात घेतली, कड्या एकदा उघडून मिटल्या आणि म्हणाले, "सर, हे म्हणजे आपलं जुनं दप्तरच की हो! रुमालाच्या जागी कड्या आल्या, एवढंच."

इतिहास हा माझा एम. ए. चा विषय. तरीही ही गोष्ट मला सुचली नव्हती, त्यांना सुचली. तेव्हापासून मी त्या दिशेने थोडा विचार करीत आलो. तोच येथे मांडतो.

मराठी राज्यकारभार मुख्यतः सुट्या कागदांवर चालला. एकेरी सुट्या कागदाला अथवा यादीला 'फर्द' म्हणत. हा शब्द फारसीतून आलेला. 'फडणीस' हे पदनाम 'फर्दनवीस' म्हणजे फर्द लिहिणारा यावरूनच आले, असे कोशकार सांगतात. ज्या नाना फडणिसांच्या शहाणपणाच्या कथा आपण मुलांना सांगतो, त्यांच्या पदनामातच एक सुटे पान दडले आहे! कागदाचे लांबट बंद मोडी अक्षरांनी भरत, त्यांच्या घड्या घालत, एका प्रकरणाचे कागद एकत्र करीत आणि मग ते चौकोनी फडक्यात बांधत. त्या फडक्याला 'रुमाल' म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, ते ह्याच रुमालांच्या गाठी सोडून.

सुट्या कागदाचा गुण उघड आहे. तो हलवता येतो. आज एका प्रकरणात असलेला कागद उद्या दुसऱ्या प्रकरणाला लागला, तर गाठ सोडावी आणि तिकडे बांधावा. माझ्या सहा कड्या हेच करतात. पण पूर्वजांचे सगळेच काम सुट्या कागदांवर भागत नव्हते. त्याच्या जोडीला 'रोजकीर्द' होती. ज्या दिवशी जे घडले, ते त्या दिवसाखाली लिहायचे. पैसा आला, पैसा गेला, कोणाला वस्त्रे दिली, कोणाला हुकूम सुटला, सारे तारीखवार. मग तीच नोंद विषयवार लावायची, ती 'खतावणी'. कीर्द विचारते, हे केव्हा झाले? खतावणी विचारते, हे कोणाच्या खाती गेले? दोन्ही प्रश्नांची उत्तरे हवीत, म्हणून आपल्या लोकांनी एकच गोष्ट दोनदा लिहिण्याचा कंटाळा केला नाही.

ह्या चिकाटीची फळे पुढच्या पिढ्यांनी चाखली. गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजकीर्दींतून वेचे निवडून काढले. त्यांचे खंड १९०२ पासून प्रसिद्ध होऊ लागले. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली ह्या रोजकीर्दींवर निबंध लिहिला. राजांच्या लढायांपलीकडे जाऊन कर, न्याय, पाणी, रस्ते, लग्नकार्ये यांत प्रजेचे जीवन कसे होते, हे त्यांना ह्या रोजच्या कोरड्या नोंदींत दिसले. कीर्द लिहिणाऱ्या कारकुनाला आपण इतिहास लिहितो आहोत, याची कल्पनाही नसेल. तो फक्त दिवस मिटवण्याआधी दिवस लिहीत होता.

सुट्या कागदाला एक भयही आहे. मधले पान कोणी काढून घेतले, वा दुसरे घुसवले, तर? त्यावरही उपाय होते. पोथीची पाने सुटीच असतात, म्हणून प्रत्येक पानाच्या समासात त्याचा अंक असतो. राजपत्रांत एक बंद दुसऱ्याला चिकटवला, की पाठीमागे त्या सांध्यावर शिक्का उठवीत. अर्धा शिक्का एका कागदावर, अर्धा दुसऱ्यावर. बंद बदलला की शिक्का फुटलाच म्हणून समजावे. मजकूर संपला की खाली समाप्तीची मुद्रा. शिवछत्रपतींच्या पत्रांखालची 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा सर्वपरिचित आहे. तिच्यापुढे एक अक्षरही वाढवायचे नाही, असा तिचा अर्थ. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज नुसता अलंकार म्हणून वापरतो. तेव्हा ती कागदाची राखण होती.

हे सारे पुण्या-साताऱ्याकडचे, आपल्याकडे त्याचे काय, असे कोणी विचारील. तर आपल्याच भागात कागदाच्या असण्या-नसण्यावर घराणी तरली आणि बुडाली. १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने इंग्रजी तुकडीच्या साहाय्याने टिपूच्या सरदाराकडून धारवाडचा किल्ला घेतला. १८१७ मध्ये थॉमस मन्रोच्या हाती धारवाड आले. इंग्रजी अमलातही पहिली काही वर्षे येथील दप्तर मराठीत, मोडीत चाले. पुढे कानडीने आपली हक्काची जागा घेतली, हे योग्यच झाले. पण 'दफ्तर', 'किर्दी', 'खाते', 'शिल्कु' हे शब्द कानडीने आपलेसे करून ठेवले. हुबळीच्या दुर्गदबैलातला व्यापारी दुकान लावण्यापूर्वी 'शिल्कु' किती ते पाहतो, तेव्हा तो मराठी बोलतो की कानडी, हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

ह्याच दक्षिणी मराठा मुलखात १८४३ साली इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला इनाम कमिशनचे रूप आले. पिढ्यान् पिढ्या भोगवटा आहे, गाव साक्षीला आहे, एवढ्याने भागेना. सनद दाखवा, कागद दाखवा. ज्यांचा कागद वाळवीने खाल्ला, आगीत गेला, वाटणीच्या वेळी भाऊबंदाकडे राहिला, त्यांच्या जमिनी धोक्यात आल्या. नरगुंद आज गदग जिल्ह्यात आहे. तेथील संस्थानिक भास्करराव भावे तथा बाबासाहेब यांना दत्तक घेण्याची परवानगी नाकारली गेली. मे १८५८ मध्ये त्यांनी उठाव केला आणि त्यात पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला. हा मॅन्सन पूर्वी इनाम कमिशनच्या कामावर होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या मुलखातला राग कोठे साठत आला होता, ते कळते. जूनमध्ये बाबासाहेबांना बेळगावात फाशी देण्यात आले.

आता कड्यांकडे वळू. कागदाला भोके पाडून ते एकत्र अडकवण्याची कल्पना युरोपात रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. जर्मनीतील बॉन येथील फ्रीडरिख झोनेकेन याने १८८६ मध्ये त्यासाठी पेटंट घेतले आणि १८९६ च्या सुमारास लुई लाइट्झने कचेऱ्यांत आजही दिसणारी खटक्याची फाइल आणली. कड्यांची खिशातली वही अमेरिकेतून इंग्लंडात गेली. लंडनमध्ये १९२१ साली स्थापन झालेल्या एका पेढीने तिला पुढे 'फायलोफॅक्स' हे नाव दिले. ग्रेस स्कर ह्या तेथील कर्मचारी बाई गिऱ्हाइकांची व पुरवठादारांची नावे आपल्या वहीत लिहून ती रोज घरी नेत. डिसेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात कचेरी जळाली. त्या एका वहीच्या आधाराने धंदा पुन्हा उभा राहिला.

एवढे सगळे वाचून मी माझ्या कड्यांवर फारच खूश होतो. तोच गेल्या पावसाळ्यात ती गोष्ट घडली.

नववीतल्या एका मुलाची आई भाजीची पाटी बाहेर ठेवून माझ्या खोलीत आली. नाडकचेरीतून उत्पन्नाचा दाखला तिने आणला होता. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरायचा होता. "गुरुवारी भरतो, तुम्ही निश्चिंत जा," असे मी सांगितले. एका कामाला एक पान, अशी माझी पद्धत. ते पान गुरुवारात लावले. गुरुवारी वरिष्ठांची तपासणी आली. मी पान काढून सोमवारात लावले. सोमवारी एका शिक्षकाच्या घरी दुःखद घटना घडली. पान 'प्रलंबित' ह्या विभागात गेले. तेथे त्याच्यावर दुसरी पाने बसली. महिन्याच्या शेवटी ती बाई विचारायला आली, तेव्हा मुदत टळून चार दिवस झाले होते. मी घाईघाईने तो गुरुवार उघडून पाहिला. गुरुवार अगदी स्वच्छ होता. जणू त्या दिवशी मी कोणाला काही शब्द दिलाच नव्हता.

ती काही बोलली नाही. "बघा सर, पुढल्या वर्षी," म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

त्या संध्याकाळी मी शाळेचे जुने कपाट उघडले. माझ्या आधीच्या एका मुख्याध्यापकांच्या बांधीव रोजनिश्या तेथे आहेत. एका जूनमध्ये 'सातवीच्या वर्गाची कौले - राहिले' अशी नोंद सलग नऊ दिवस दिसली. दहाव्या दिवशी 'कौले बसवली'. त्यांची पाने हलत नव्हती. म्हणून राहिलेले काम रोज पुन्हा लिहावे लागे आणि रोज लिहिताना त्यांना रोज लाज वाटत असली पाहिजे. तीच लाज दहाव्या दिवशी गवंड्याला घेऊन आली. माझ्या सहा कड्यांनी मला लिहिण्याचे श्रम वाचवले, त्याबरोबर ती लाजही वाचवली.

कीर्द आणि खतावणी ह्या दोन वह्या का होत्या, ते मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजले. कामाचा कागद सुटा असला तर काम सोपे होते. पण दिलेला शब्द असा लिहावा, की तो आपल्यालाच सहज काढून टाकता येऊ नये.

कड्यांची वही मी टाकलेली नाही. वेळापत्रके, सभा, खरेदीच्या याद्या तिच्यात उत्तम राहतात. मात्र पान एका दिवसातून दुसऱ्या दिवसात नेताना मूळ तारीख त्याच्या कोपऱ्यात लिहितो. ती तारीख म्हणजे माझा सांध्यावरचा शिक्का. शिवाय शिवणीची, लाल पुठ्ठ्याची एक वही केली आहे. माणसांना दिलेला शब्द तेवढा तिच्यात जातो आणि शाळा सुटल्यावर, दुर्गदबैलातल्या त्या व्यापाऱ्यासारखी, मी माझी शिल्लक काढतो. राहिले ते दुसऱ्या दिवसाखाली पुन्हा हाताने लिहायचे, असा नियम आहे.

बलिप्रतिपदेला आपल्याकडे दुकानोदुकानी वह्यांची पूजा होते. गेल्या पाडव्याला मीही त्या लाल वहीला हळदकुंकू लावले आणि पहिल्या पानावर त्या मुलाचे नाव व अर्जाचे काम लिहिले. यंदा अर्जांची मुदत सुरू झाली, त्याच दिवशी तो भरला. पावती देताना बाईंना ते पान दाखवावे, असे एकदा मनात आले होते. मग दाखवले नाही. गेले वर्ष त्या पानाने परत येणार नव्हते.