शुभवर्तमानाची वाळवंटी वाट

सन १८९२. ॲग्नेस लुईस व मार्गारेट गिब्सन या ४९ वर्षांच्या जुळ्या, विधवा स्कॉटिश भगिनी सुएझहून उंटांवरून सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या संत कॅथरिनच्या मठाकडे निघाल्या. वाट सुमारे नऊ दिवसांची. पाणी कोठे मिळेल, तंबू कोठे ठोकावा, हे सोबतचे बेदुईन वाटाडेच जाणत.

मठात ॲग्नेसबाईंच्या हाती संत स्त्रियांच्या चरित्रांचे जीर्ण चर्मपत्री पुस्तक आले. त्यातील अक्षरांखाली पुसट दिसत होती शुभवर्तमाने, येशूच्या मातृभाषेशी सख्खे नाते सांगणाऱ्या सिरियाक भाषेतील! शुभवर्तमानांच्या अतिप्राचीन भाषांतरांपैकी ते एक ठरले.

भगिनींची नावे ग्रंथांत राहिली. त्यांना सुखरूप पोहोचविणारे वाटाडे मुसलमान होते. आपल्या शुभवर्तमानाच्या इतिहासात त्यांच्याही पाऊलखुणा आहेत. ते ऋण आपण विसरू नये.