बेडकाचे आतडे आणि ऋतुमान : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

दि. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया हा तलावांचा व धानाचा जिल्हा होय. मृगाच्या सरी पडताच येथील मामा तलाव, बोड्या व धानाच्या बांध्या बेडकांच्या आवाजाने भरून जातात. वैशाखात त्याच बांध्यांत भेगाळलेली माती तेवढी उरते. पूर्वी ‘राना टायग्रिना’ व आज ‘हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस’ या नावाने ओळखला जाणारा मोठा बेडूक हे कोरडे महिने बिळात वा ओलसर आडोशाला, अन्नावाचून काढतो. त्या काळात त्याच्या पचनसंस्थेचे काय होते, हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापनात क्वचितच उपस्थित झाला.

त्याचे कारण इतिहासात आहे. बेडकाच्या शरीररचनेचा अभ्यास युरोपात घडला. जर्मन शरीरशास्त्रज्ञ अलेक्झांडर एकर यांचा त्यावरील ग्रंथ १८६४ पासून प्रसिद्ध होऊ लागला. तेथील बेडूक थंडीत निपचित पडतो, येथील उन्हाळ्यात. भारतीय क्रमिक पुस्तकांत नमुना बेडूक देशी आला, परंतु मांडणी तीच राहिली : ग्रासिका, जठर, लहान आतडे, मलाशय, अवस्कर. शिवाय शैक्षणिक सत्र पावसाळ्यात सुरू होते आणि बेडूकही तेव्हाच सहज सापडतात. परिणामी, पोटभर खाल्लेल्या बेडकाचे आतडे हेच बेडकाचे कायमचे आतडे ठरले.

वस्तुतः हा अवयव स्थिर नाही. चेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड बाबाक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखविले की, वनस्पतिजन्य अन्नावर वाढलेल्या टॅडपोलचे आतडे मांसाहारावर वाढलेल्यापेक्षा लांब होते. ग्रीष्मनिद्रेबाबतचा पुरावा मात्र अलीकडचा, आणि तोही ऑस्ट्रेलियातील बिळात राहणाऱ्या बेडकांचा. क्रॅम्प व फ्रँकलिन यांच्या २००३ ते २००५ मधील संशोधनानुसार, दीर्घ ग्रीष्मनिद्रेत लहान आतड्याचे वजन व शोषणपृष्ठ लक्षणीय घटते आणि जाग येऊन अन्न मिळताच ते झपाट्याने भरून येते. आतडे राखण्यास ऊर्जा लागते. उपासाच्या महिन्यांत ती वाचविली जाते. स्टीफन सेकर यांच्या २००५ मधील तुलनेतही ग्रीष्मनिद्रा घेणाऱ्या जातींत पचनक्रियेची ही घट अधिक आढळली. मोसमी पाऊस लांबल्यास गोंदियातील बेडकाचा उपासही लांबणार, हे उघड आहे.

दरम्यान, बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन कमी करण्याच्या सूचना दिल्या व २०१४ मध्ये ते पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत थांबविण्यास सांगितले. निर्णय योग्यच होता. मात्र उन्हाळी बेडूक विच्छेदन-मेजावर फारसा न येताच ते मेज रिकामे झाले. आता महाविद्यालयीन संग्रहांतील फॉर्मॅलिनच्या जुन्या बरण्याच काय त्या हाताशी आहेत. त्यांपैकी ज्यांच्या चिठ्ठीवर गावासोबत महिनाही नोंदविलेला असेल, त्यांची नोंद प्रथम व्हावयास हवी.