सैनिकाच्या मनगटावरचे घड्याळ

जुनी नाणी किंवा टपालाची तिकिटे जमविणारे रसिक आपल्या परिचयाचे आहेत. जुनी लष्करी मनगटी घड्याळे जमविणाऱ्यांचा पंथ त्या मानाने लहान. पण त्या पंथात एक वाद मोठ्या हिरिरीने चालतो. अशा घड्याळास अस्सल केव्हा म्हणावे?

पहिल्या महायुद्धापूर्वी मनगटावरील घड्याळ हा स्त्रियांचा अलंकार समजला जाई. पुरुषाचे घड्याळ खिशात, साखळीला. १९१४ ते १९१८ मधील खंदकांनी ही समजूत पुसून टाकली. तोफांचा मारा ठरल्या मिनिटास पुढे सरकावयाचा आणि पायदळाने त्याच्या पाठोपाठ निघावयाचे, अशी लढाईची रीत पडली. ज्याचे घड्याळ दोन मिनिटे पुढे, तो आपल्याच तोफांच्या तोंडी जावयाचा! तेथे खिसा चाचपण्यास सवड कोठली? म्हणून खिशातील घड्याळांनाच तारेच्या कड्या डाखून चामड्याचे पट्टे लावण्यात आले. मुंबई व कलकत्ता येथे पेढ्या असलेल्या वेस्ट एन्ड वॉच कंपनीने आपल्या एका घड्याळाचे नाव ‘सोवार’ ठेवले होते. आपल्या ‘स्वारा’चेच ते इंग्रजी वळण.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने घड्याळ कसे असावे याचे नियमच घालून दिले. काळी तबकडी, पांढरे आकडे, अंधारात चमकणारे काटे, पाणी न शिरणारी पेटी, पट्ट्यासाठी न निघणाऱ्या दांड्या. बारा स्विस कारखान्यांनी ही घड्याळे पुरविली. त्यांत ओमेगा, लाँजिन, सायमा, टिमोर अशी नावे होती. बहुतेक माल १९४५ मध्ये, म्हणजे युद्ध सरता सरता हाती आला. १९६७ च्या एका चित्रपटावरून संग्राहक या बारांना ‘डर्टी डझन’ म्हणतात. ग्राना या कारखान्याचे घड्याळ त्यांत सर्वांत दुर्मिळ. तबकडीवर आणि पाठीवर तीन रेघांचा बाण असतो. ही सरकारी मालमत्तेची खूण. घड्याळ सैनिकाचे नव्हे, सरकारचे!

वादाचे मूळ येथेच आहे. काटे चमकत ते रेडियममुळे. हा रंग भरणाऱ्या कामगार स्त्रियांची कथा दारुण आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतील ऑरेंज येथे मुली कुंचल्याचे टोक ओठांनी अणकुचीदार करीत. कित्येकींच्या जबड्याची हाडे सडली, कित्येकी दगावल्या. त्यांतील पाच जणींचा दावा १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. चमकणारा लेप काही दशकांत थकतो, तबकडी काळोखात दिसेनाशी होते. परंतु रेडियम निम्मे होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. दिवा विझला, विस्तव मात्र तसाच!

पुढे ब्रिटिश सैन्याने कित्येक घड्याळांच्या तबकड्या बदलल्या आणि रेडियमऐवजी ट्रिटियमचा सौम्य लेप दिला. वर्तुळातील इंग्रजी ‘टी’ ही त्याची खूण. लष्करी कार्यशाळांत काटा एका घड्याळाचा, झाकण दुसऱ्याचे, असेही सर्रास होई. घड्याळ चालले पाहिजे, एवढीच तेथील दृष्टी. आजचा संग्राहक अशा घड्याळाकडे नाक मुरडतो आणि जुन्या रेडियमच्या तबकडीस अधिक दाम मोजतो. मला हे न्याय्य वाटत नाही. बदललेली तबकडी हा त्या घड्याळाच्या नोकरीचाच दाखला आहे. पाठीवरील आकडे उजळ करण्यासाठी झाकण घासून घेणारा हौशी मनुष्य मात्र दाखलाच पुसतो. (रेडियमचे घड्याळ घरी उघडून त्याची तबकडी खरवडणे तर धोक्याचेच, ती धूळ श्वासातून शरीरात जाते.)

खरी लबाडी निराळी. बंगळूरच्या एचएमटी कारखान्यात १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे होऊ लागली. त्यांपैकी ‘जवान’ हे आपल्या सैनिकांसाठी. २०१६ मध्ये सरकारने हा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. आज बाजारात कोणत्याही जुन्या यंत्रावर ‘जवान’ असे नाव रंगवून ते ‘लष्करी’ म्हणून विकले जाते. त्या तबकड्या कोऱ्या करकरीत असतात, आणि त्यांतील कित्येक घड्याळांनी छावणीचे तोंडही पाहिलेले नसते.