खुनानंतरचा शनिवारवाडा

30 ऑगस्ट 1773. गणेशोत्सवाचे दिवस होते. थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी शनिवारवाड्यात घुसले आणि अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना त्यांनी चुलते रघुनाथरावांसमोर ठार केले. धन्याला वाचवू पाहणारा सेवक चापाजी टिळेकरही मारला गेला. ‘ध’चा ‘मा’ सर्वांना ठाऊक आहे. या धाग्याचा विषय मात्र तो वाडा.

रक्त सांडलेली वास्तू माणसे टाकून देतात, असा आपला समज. शनिवारवाडा कोणी टाकला नाही. काशीदच्याच किनारपट्टीवरील श्रीवर्धनहून आलेल्या भट घराण्याचे ते केवळ घर नव्हते. राज्याचा कारभार तिथूनच चाले. वाडा सोडणे म्हणजे गादीवरचा हक्क सैल करणे.

नारायणरावांची गर्भवती पत्नी गंगाबाई हिला कारभाऱ्यांनी पुरंदरावर हलवले. तिथे 18 एप्रिल 1774 रोजी सवाई माधवराव जन्मले. पुढे हाच मुलगा पित्याचा जिथे खून झाला त्याच वाड्यात पेशवा म्हणून वावरला. 1790 मध्ये इंग्रज वकील मॅलेट तिथे दरबारात आला. थॉमस डॅनियलने रंगवलेल्या त्या दरबाराच्या चित्रात नुसते वैभव दिसते. 1795 मध्ये सवाई माधवराव याच वाड्यात वरून पडून गेले. तरीही वाडा नांदताच राहिला.

खुनाची खूण उरली ती एका दरवाजावर. नारायणरावांचा देह जिथून बाहेर नेला, त्या जांभूळ दरवाजाला लोक नारायण दरवाजा म्हणू लागले.

आणि भूत? जुनी आख्यायिका सांगते, की नारायणरावांच्या पिशाच्चाने रघुनाथरावांचा मुलगा दुसरा बाजीराव याला छळले आणि शांतीसाठी त्याने पुण्याभोवती आमराया लावल्या. खरे-खोटे बाजूला ठेवू. मला लक्षणीय वाटते ते एवढेच, की या कथेतले पिशाच्च वाड्याला नव्हे, अपराध्याच्या वंशाला धरून आहे.

1817 मध्ये वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. फेब्रुवारी 1828 मध्ये लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. लाकडी महाल गेले, तट, दरवाजे आणि जोती उरली. धरायला वंश उरला नाही, तेव्हा भूत वास्तूत राहायला आले असावे, हा माझा तर्क. आज ‘काका, मला वाचवा’ ही हाक अमावास्येच्या रात्री ऐकू येते, असे सांगणारे बहुतेक जण दिल्ली दरवाजातूनच आत शिरतात. नारायण दरवाजा कुठला, हे त्यांतल्या थोड्यांनाच दाखवता येते.